वीतभराला दोन बोटं कमी

उजळाईवाडी ते कॅलगरी,
बारा हजार चारशे किलोमीटर,
चौदा तास वीस मिनिटं.
प्रणीलनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला
तेव्हा माझ्या पायाच्या अंगठ्यात एक दोरा होता
आणि दातांत दुसरा,
म्हणून नुसतं हूं म्हणालो.

हातातली गाठ बसल्यावर विचारलं, चौदाच?
सर्जेराव गेला तेव्हा एकतीस लागले होते.
मुंबईत रात्रभर बाकड्यावर,
मग जर्मनीतल्या कुठल्याशा विमानतळावर पुन्हा बाकडं,
आणि डब्यातली दशमी तिथं कचऱ्यात टाकायला लावलेली.
आबा, हे सरळ गेलं तर. मधे कुठं न उतरता.
असं विमान कुठाय पण?
नाहीच. नुसता हिशोब आहे.

गुजरीत शेवटचं शटर पडल्यावर
मी त्याचा शाळेतला पृथ्वीचा गोल मांडीवर घेतला.
कोल्हापूर त्यावर नव्हतंच,
पेनानं एक ठिपका दिला.
माझं बोट आपलं पश्चिमेला निघालं होतं,
अरबस्तान, मग समुद्र, मग अजून समुद्र.
दोरा तसा जाईना.
रेशमाला ताण दिला की ते जवळची वाट धरतं,
हे चाळीस वर्षं माझ्या हाताला ठाऊक.
ते सरळ वर निघालं, काश्मीरवरून,
रशियाच्या पांढऱ्या रानातून,
आणि गोलाच्या शेंड्याला, जिथं खिळा मारलाय,
तिथं अडलं.
खिळ्याला जरा वळसा घेऊ दिला
तेव्हा पलीकडं उतरलं.
वीत लावून बघितली.
वीतभराला दोन बोटं कमी.

या गाळ्यात आम्ही दोघं बसायचो
तेव्हा त्याच्या-माझ्या गुडघ्यांत
तेवढंही अंतर नसायचं.
पटवेकऱ्याचं पोर ते,
दोरा सोडून शिरोलीला लोखंड जोडायला गेलं.
मी म्हणालो होतो, जा, पण या उंबऱ्यावर परत पाय ठेवू नको.
गिऱ्हाईक समोर होतं. एक बाई, मोहनमाळ घेऊन.
तिनं मान खाली घातली.
लोकांचे दागिने पटवायचा धंदा आमचा,
आणि आमचंच पटलं नाही.
नऊ वर्षं झाली.

परवा निर्मलाचा फोन आला,
ऋजुताचं ठरलंय, आश्विनात.
सासूबाईंचा साज दादांनीच पटवून द्यावा.
तो बोलला नाही.
मागं खोकला मात्र आला, त्याचाच,
दोनदा, तसाच लाखेच्या धुरातला.
खोकल्याला बारा हजार किलोमीटर म्हणजे काहीच नाहीत.

इथं सकाळचे साडेसहा म्हणजे तिथं संध्याकाळचे सात,
प्रणील सांगतो, आणि तेही कालचे.
तिथं अजून काल चालू असतो.
मी विचारलं, अजून जरा मागं जाता येतं का?
तो हसला. पोरगं आहे.

आईचा साज सोडवला तर
दोऱ्यात तिच्या मानेचा घाम, काळा पडलेला.
मासा, कासव, भुंगा, एकेक पान
कोमट पाण्यात रिठ्यानं धुतलं.
ऋजुताच्या गळ्याचं माप कुणी कळवलं नाही.
मला आठवते ती सात वर्षांची,
दोन दात पडलेले,
माझ्या रिळांची आगगाडी करणारी.
त्या मानेचं माप काय कामाचं?

मागं सरकती गाठ ठेवली.
कुठल्याही गळ्याला बसते ती.
गाठीपुढं दोरा जादा सोडला,
सराफ विचारेल, एवढा कशाला?
गोलावरून उतरवलेला तोच तुकडा आहे,
खिळ्यापाशी थोडा मुडपलेला.

शुक्रवारचं विमान, उजळाईवाडीहून दुपारचं.
एकतीस तास.
डबी कापसात बसवली, वर लाल फडकं,
पत्ता प्रणीलनं लिहून दिला.
घेऊन जाणाऱ्याचं नाव लिहायचं राहिलंय.
पासपोर्ट कपाटात आहे, आखाताच्या वेळचा,
मुदत बघायला पाहिजे.